शनिवारपर्यंतचा कॉम्प्युटर

प्रिय आई,

हे पत्र बाबा तुझ्या हातात देतील. देताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघू नकोस आणि वाचून संपेपर्यंत त्यांना काही विचारूही नकोस. त्यांना यातलं सगळं माहीत आहे, आणि त्यांच्या पोटात काही राहत नाही हे तुला माहीत आहे. मी त्यांना म्हटलं होतं, तुम्हीच सांगा ना आईला, तुम्ही जाताच आहात. तर म्हणाले, "गणित तुझं, उत्तर तू लिही. मी फक्त पोस्टमन." तेव्हा मावशीला त्यांच्यासाठी चहा टाकायला सांग, आणि तू जरा वेगळी खिडकीपाशी बस.

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू "बोल पटकन" म्हणतेस, आणि मी पटकन बोलायला गेले की मुद्दा सोडून बाकीचं सगळं बोलते. या बुधवारी मी हेच सांगायला फोन केला होता आणि पंचवीस मिनिटं नळाच्या गळतीबद्दल बोलले. नळ गळत नाही, आई. तो गेल्या महिन्यातच दुरुस्त झालाय.

तू वाजवणं बंद केलंस, त्याबद्दल हे पत्र नाही. तो विषय काढायचा नाही असं आपलं ठरलंय आणि मी ठरलेलं पाळते. हे पत्र कॉम्प्युटरबद्दल आहे. मला नवा कॉम्प्युटर घ्यायचाय आणि शनिवारी दुकानात हो की नाही ते सांगायचंय.

गोष्टींना आणि जाहिरातींना संगीत द्यायचं माझं सगळं काम ज्याच्यावर चालतं, त्या जुन्याची अवस्था तू बघितली होतीस त्यापेक्षा वाईट आहे. सकाळी बटण दाबून बाबा आंघोळीला जातात, बाहेर येतात, केस पुसतात, तेव्हा तो उघडतो. त्याचा पंखा असा घरघरतो की माइकसमोर कुणाला बसवायचं तर कॉम्प्युटर मांजरापासून लपवलेल्या दुधाच्या भांड्यासारखा शेजारच्या खोलीत ठेवावा लागतो आणि वायरी दाराखालून घ्याव्या लागतात. मध्यंतरी मी त्याच्यावर तुझी जुनी गोधडी घातली. आवाज कमी झाला, पण दहा मिनिटांत गोधडीला इस्त्रीसारखा वास यायला लागला, आणि बाबा बादलीभर पाणी घेऊन दारात उभे राहिले. ओतू नका, ओतू नका म्हणून मी ओरडले, ते त्या दिवशीच्या रेकॉर्डिंगमध्ये आलंय. गोष्ट समुद्रावरची होती, म्हणून गिऱ्हाइकाने ते तसंच ठेवलं.

तर नवा घ्यायला हवा. आणि नेमकं आत्ताच या कॉम्प्युटरवाल्या कंपनीला काय सुचलं, तर आतली मुख्य चिपच बदलायची. नुसती जास्त ताकदीची नाही, वेगळ्याच घडणीची. नवी चिप झपाट्याने काम करते, तापत नाही, तिला पंख्याची गरजच नाही. पण तिला जुन्या प्रोग्रॅमची भाषा कळत नाही. म्हणून आत एक दुभाषी बसवलाय. जुना प्रोग्रॅम बोलतो, दुभाषी ते चिपच्या कानात सांगतो, मग चिप कामाला लागते. मावशीच्या सासऱ्यांना ऐकू येईनासं झालं होतं तेव्हा मावशी मध्ये बसून करायची ना, तसं. फक्त मावशी स्वतःला न पटलेलं वाक्य गाळायची. हा दुभाषी काय काय गाळतो ते मला तपासायचं होतं. त्यात तो कायमचा नोकरीवर नाही. काही वर्षांनी काढून टाकणार म्हणतात, कधी ते सांगत नाहीत.

म्हणजे दोन रस्ते. एक, जुन्या चिपचा शेवटचा कॉम्प्युटर घ्यायचा, ज्यावर माझं सगळं आज चालेल आणि तीन वर्षांनी त्याला कुणी विचारणार नाही. दुसरा, नवा घ्यायचा, ज्यावर काय चालेल आणि काय नाही याची आज कुणालाच खात्री नाही. तू म्हणशील, उचल की एक. तू बोंगो घेताना काय केलं होतंस ते बाबा अजून सांगतात. दुकानात शिरलीस, दोन थापा मारल्यास आणि काखेत घेऊन बाहेर. मला तसं जमत नाही, आई. तू मला मोजपट्टी म्हणतेस ते उगाच नाही.

मी तक्ता केला. माझ्याकडे एकूण एकतीस प्रोग्रॅम आहेत. पियानोचा, व्हायोलिनचा, खोलीचा घुमारा देणारा, घुमारा काढणारा, ढोल-ड्रम वाजवणारा वगैरे. प्रत्येकापुढे पाच रकाने. नव्यावर चालतो, दुभाष्याकरवी चालतो, चालतो पण लंगडत, चालत नाही, माहीत नाही. पहिल्या दिवशी शेवटच्या रकान्यात सत्तावीस खुणा झाल्या. बाबांनी तक्ता मागून घेतला, चष्मा लावून अर्धा तास वाचला आणि खाली लाल पेनाने शेरा मारला, "मांडणी सुबक. निष्कर्ष नाही." निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी लाल पेन शर्टच्या खिशातच असतं.

मग संगीतवाल्यांची चर्चा इंटरनेटवर चालते तिथे बघितलं. एकाने अगदी माझाच प्रश्न विचारला होता. त्याला उत्तर होतं, सहा महिने थांबा. तारीख बघितली तर ते दोन वर्षांपूर्वीचं. खाली त्याच माणसाने पुन्हा विचारलं होतं, सहा महिने झाले, आता घेऊ का. उत्तर होतं, आता तर थांबाच. त्यानंतर त्याने काही लिहिलेलं नाही. तो अजून थांबलाय, की घेऊन सुखी आहे, की त्याने संगीतच सोडलं, या विचारात माझी एक दुपार गेली.

डेसिबललाही विचारलं. डेसिबल म्हणजे तोच, सभागृहात आवाजाची व्यवस्था बघतो तो. दिवसभर मोठ्या स्पीकरशेजारी उभा राहून त्याचं साधं बोलणंही तिसऱ्या मजल्यावर ऐकू जातं, आणि तू त्याला दारात बघितलं की रेडिओ बंद करायचीस. तो म्हणाला, "अगं वेडे, जुन्यातला शेवटचा उचल! नवा घेशील तर परीक्षा कंपनीची आणि फी तुझी!" खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर येऊन विचारलं, कुठली परीक्षा. त्याचं बोलणं मला पटलं. जिना उतरताना मी सहज विचारलं, तुझा कुठला आहे रे. तर खाली बघत, आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, "नवा घेतलाय मागच्या महिन्यात. कुणाला बोलू नकोस."

मग दुकान. तिथे माझ्याच वयाची एक विक्रेती आहे. निळा कोट, हातात फडकं, बोलता बोलता काच पुसत असते. मी यादी काढून एकेक प्रश्न विचारला. बाविसाव्या प्रश्नाला तिने फडकं खाली ठेवलं आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही कॉम्प्युटर घेताय की स्थळ बघताय?" मी म्हटलं, स्थळाला मी इतके प्रश्न विचारणार नाही, ते बदलता येतं. ती इतकी हसली की मागून तिचे साहेब बघायला आले. मग तिने मला दोन्ही दाखवले. जुन्यातला एकच उरला होता. त्याला "शेवटचा नग" अशी पाटी लावून कोपऱ्यात ठेवलं होतं. सगळ्यांची लग्नं झाली आणि हा राहिला, असं वाटत होतं त्याच्याकडे बघून. मला त्याची इतकी दया आली की मी त्यालाच घ्यायला निघाले होते. तीच म्हणाली, थांबा. नवा सात दिवस घरी न्या, तुमच्याकडे नांदतो का बघा. नाही जमलं तर शनिवारी परत आणा, हा कोपऱ्यातला तोवर मी ठेवते. तो कुठे जात नाही.

असा नवा घरी आला. मी चालू केला आणि बाबांनी विचारलं, कधी चालू करणार. इतका गप्प. मी एकेक करून एकतीस प्रोग्रॅम चढवले. एकोणतीस चालले. एकाचा चेहरा विचित्र दिसतो, पण आवाज ठीक आहे. एकतिसावा मात्र उघडतच नाही. बनवणारी कंपनी बंद पडली आहे आणि दुभाष्यालाही त्याची भाषा कळत नाही. तो कुठला, ते पुढे सांगते.

प्रोग्रॅम उघडणं आणि काम होणं यात फरक आहे, म्हणून मला एक पूर्ण झालेलं जुनं काम नव्यावर चालवून बघायचं होतं. सगळ्यात जास्त भानगडी असलेलं काम कुठलं, तर उंटाची गोष्ट. मला माहीत आहे, ठरलंय. पण आता त्याच्याशिवाय पुढे जाता येत नाही. थोडंच लिहीन म्हणते.

मुलांची गोष्ट होती, उंटांचा काफिला वाळवंटातून चाललाय, आणि त्यांची चाल बोंगोवर हवी होती. मी म्हटलं, माझ्या घरातच बोंगो आहे, त्यामागे तीस वर्षं ऑर्केस्ट्रात बसलेली बाई आहे. मी गिऱ्हाइकाला किती तोऱ्यात सांगितलं होतं ते तुला कधी सांगितलं नाही. तू वेणी घालताना माझ्या पाठीवर ठेका धरायचीस, आणि माझी मान चुकीच्या ठिकाणी हलली की वेणी ओढायचीस. शाळेत पाढे सुरू व्हायच्या आधी मला ठेका कळत होता. म्हणजे तुझं पहिलं रेकॉर्डिंग माझ्या खोलीत होणार, ही माझ्यासाठी परीक्षाच होती, आणि मी परीक्षेला बसते तशीच बसले. आठवडाभर आधी आवाज आत घेणारी नवी पेटी आणली. ती आवाज किती उशिरा टिपते ते तीन वेळा मोजलं. वहीत लिहिलं. तेवढा उशीर भरून काढायला प्रोग्रॅममध्ये आकडा भरला. म्हटलं, आई येईल तेव्हा कशातच खोट नको.

तू आलीस, कानाला हेडफोन लावलास, लय धरायला लावलेली टिकटिक ऐकलीस आणि वाजवलंस. ऐकून बघितलं तर तुझी थाप टिकटिकीच्या मागून येत होती. फार नाही. एका सेकंदाचे हजार तुकडे केले तर त्यातले बेचाळीस. तू म्हणालीस, पुन्हा घेऊ. पुन्हा घेतलं. तितकंच मागे. अकरा वेळा वाजवलंस, आई. शेवटी तू म्हणालीस, "मला तर बरोबर वाटतंय गं," आणि मी म्हटलं, वाटणं वेगळं आणि आलेख वेगळा. हे मी म्हटलं. मग पडद्यावर दाखवलं, ही रेघ टिकटिकीची, ही तुझी थाप, बघ, दर वेळी रेघेच्या नंतर. वर तुला नीट कळावं म्हणून त्याची छापील प्रत काढून दिली. मला वाटत होतं की मी हळुवारपणे सांगतेय. तू ती प्रत घडी करून पर्समध्ये ठेवलीस, स्वतःच्या हातांकडे बघितलंस आणि म्हणालीस, चालायचंच, वय झालं. मग आत जाऊन कणिक मळायला घेतलीस आणि मी ढोल-ड्रमच्या प्रोग्रॅमने उंट चालवले. गिऱ्हाईक खूश झालं.

त्यानंतर तू मज्जातंतूंच्या डॉक्टरकडे गेलीस. त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या, बोटांना सुया टोचल्या, आणि सांगितलं की हात पंचविशीतल्या मुलीसारखे आहेत. तू बाहेर येऊन म्हणालीस, त्यांना ठेक्यातलं काय कळतंय. मग रबरी चेंडू दाबायचा व्यायाम सुरू झाला. मग ऑर्केस्ट्रावाल्यांचा फोन आला तेव्हा तू त्यांना सांगितलंस की माझ्या जागी दुसरी बघा. तीस वर्षांत तू एकदाही नाही म्हणाली नव्हतीस. माझ्या जन्माच्या आदल्या आठवड्यातही नाही, असं बाबा सांगतात. मग मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तू दोन आठवड्यांसाठी तिकडे गेलीस. त्याला आता आठ महिने झाले. मावशी जिने चढते-उतरते हे मला माहीत आहे. तिनेच सांगितलं.

मध्ये एक गंमत सांगते, कारण तिचा संबंध आहे. तू गेल्यावर, गोष्टी वाचणारे सोडले तर, मी माइकवर फक्त एकाच माणसाला बसवलं, गादीच्या जाहिरातीसाठी एका गायिकेला. बाकी सगळं मी कीबोर्डवर वाजवते, ते माइकमधून जात नाही. ती गायली आणि मला ती जरा रेंगाळते असं वाटलं. पण मी म्हटलं, ही हिची शैली असेल. हो आई, तिला मी शैली म्हटलं. तुला आलेख दिला. गादीवाले ऐकून म्हणाले, "वा! ही बाई गाते तेव्हा लगेच आडवं व्हावंसं वाटतं." तिला पुढे उशीवाल्यांचं काम मिळालं, मग झोपेच्या आधी ऐकायच्या गाण्यांचं. आता ती कार्डावर नावाखाली "निवांत गायकी" असं छापते. काल मी तिला फोन करून खरं काय ते सांगितलं. सांगणं भागच होतं, मला दोन दिवस जेवण जात नव्हतं. ती म्हणाली, "हे बघ, तू मला फोन केलेला नाहीस. आणि मला रेंगाळायची आता सवय लागली आहे, ती मोडू नकोस."

आता मंगळवारचं सांगते. नव्या कॉम्प्युटरवर माइकमधून काहीतरी टिपून बघायचं होतं आणि घरात बाबांशिवाय कुणी नव्हतं. बाबांचा ठेका तुला ठाऊक आहे. ते टाळ्या वाजवायला लागले की शेजारी बसलेली माणसंही चुकतात. लग्नात तुझ्या ऑर्केस्ट्राने त्यांना हात जोडून सांगितलं होतं ना, जावईबापू, तुम्ही फक्त हसा. तर त्यांना बिस्किटाचा रिकामा डबा दिला, हेडफोन दिला आणि म्हटलं, टिकटिकीबरोबर वाजवा. ते अगदी मन लावून वाजवत होते. जीभ बाहेर, डोळे मिटलेले. पडद्यावर बघितलं तर कोंबड्या सोडल्यासारखं. एक थाप टिकटिकीच्या आधी, एक नंतर, एक बरीच आधी, एक मधेच कुठेतरी. आम्ही दोघं खूप हसलो. मग तुलना व्हायला हवी म्हणून मी तोच डबा आणि तेच बाबा जुन्या कॉम्प्युटरसमोर बसवले. कोंबड्या तशाच होत्या, पण सगळा कळप एका बाजूला सरकलेला. जवळजवळ सगळ्या थापा टिकटिकीच्या नंतर. मी म्हटलं, दमलात वाटतं. बाबा पडद्याकडे बघत राहिले. मग चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "मी चुकतो, हे मान्य. पण मी दोन्ही बाजूंना चुकतो. इतका एका दिशेने चुकणारा माणूस मी नाही."

मी त्यांच्या कानावरचा हेडफोन काढला आणि माइकवर टेकवला, म्हणजे कॉम्प्युटरची टिकटिक कॉम्प्युटरनेच ऐकावी, मध्ये माणूस नको, हात नको, वय नको. नव्यावर पेटीचा उशीर कॉम्प्युटर स्वतःच मोजून भरतो, तिथे ती रेघेवर अचूक आली. जुन्यावर ती रेघेच्या मागून आली. मी मोजली. पुन्हा मोजली. मग बाबांना मोजायला लावली, त्यांनी पट्टी मागितली, मी म्हटलं पडद्यावर आकडा आहे बाबा, तरी त्यांनी पट्टी लावली. बेचाळीस. मग वही काढली, तुझ्या रेकॉर्डिंगच्या आदल्या आठवड्यातली. तिथे माझ्या सुंदर अक्षरात लिहिलंय, नवी पेटी आवाज एकवीसने उशिरा टिपते, तीनदा मोजून खात्री केली. म्हणजे प्रत्येक आवाज एकवीसने अलीकडे ओढायला हवा. म्हणजे रकान्यात उणे एकवीस लिहायला हवं. मी अधिक एकवीस लिहिलं होतं. उशीर कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला. तीनदा मोजणाऱ्या मुलीने आकडा भरल्यावर एकदासुद्धा तपासलं नाही. बाबा खुर्चीत बसले. मग म्हणाले, "चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांच्या वह्यांत 'चिन्ह!' म्हणून लाल गोल केले. घरातल्या पोरीची वही बघायची राहिली." आणि मग, तू बघितलं नसशील कधी, बाबा रडले. आधी मला वाटलं हसतायत.

तू उशिरा वाजवत नव्हतीस, आई. एकदाही नाही. तुला बरोबर वाटत होतं कारण ते बरोबर होतं. त्या अकरा वेळचं सगळं अजून माझ्याकडे आहे. मी ते बेचाळीसने अलीकडे ओढलं आणि एकेक थाप बघत बसले. सगळ्या रेघेवर. अकराव्या वेळी तू दमली होतीस, चिडली होतीस, तुझी मुलगी तुला आलेख दाखवत होती, तरीही रेघेवर. माझ्या एकतीस प्रोग्रॅमपैकी एकालाही असं येत नाही, आणि ज्या ढोल-ड्रमच्या प्रोग्रॅमने मी तुझी जागा भरली होती, तोच नव्या कॉम्प्युटरवर उघडत नाही. डेसिबल म्हणतो, तेवढ्यासाठी तरी जुना घे, ठोक्यांशिवाय काम कसं करशील. मी शनिवारी नवा घेणार आहे. ठोक्यांचं काय करायचं ते मला माहीत नाही, आणि त्यासाठी मी तुला हे लिहीत नाहीये. तू परत ये, वाजव, असं म्हणायचा मला हक्क नाही. मी लिहितेय कारण आठ महिन्यांहून जास्त काळ तू स्वतःच्या हातांबद्दल एक गोष्ट खरी मानून बसली आहेस, ती खोटी आहे, आणि ती तुला मी सांगितली होती, छापील प्रतीसकट. म्हणून ही दुरुस्तीही कागदावर पाठवतेय. मावशी म्हणाली की बोंगो तिच्याकडे गॅलरीत आहे, त्यावर तुळस ठेवली आहे आणि दोन्ही मजेत आहेत. मला रागव. हवं तितकं रागव, मी फोन उचलेन. पण आधी ती कुंडी खाली ठेव आणि थोडं वाजव. बाबांना टाळ्या वाजवू देऊ नकोस. मग फोन कर.

तुझीच,
मोजपट्टी